छोट्या निवासगृहात प्रत्येकाचा काळजी आराखडा कसा तयार करायचा?

पाच-सहा माणसं राहतात अशा निवासगृहात कामाला लागलात, की "इथं सगळ्यांना सगळं माहीत असतं, लिहून कशाला ठेवायचं?" हे लवकरच कानावर येतं. ते बऱ्याच अंशी खरंही असतं. मोठ्या संस्थेत महिनोन्महिने कळत नाही ते छोट्या घरात आठवड्याभरात कळतं: कुणाला कुठल्या कुशीवर झोप लागते, कुणाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, कुणाची कवळी रात्री कुठल्या डबीत असते. पण ही माहिती एक-दोघींच्या डोक्यात असते, आणि त्या सुट्टीवर असतात नेमकी त्याच रात्री ती लागते.

म्हणून आराखडा लिहिताना एकच कसोटी लावा. या व्यक्तीला कधीच न पाहिलेला बदली कर्मचारी रात्री दोन वाजता हा कागद वाचेल. एवढ्यावर त्याला नीट काम करता येईल का? आणि ते काम करून घेताना त्या व्यक्तीला आपण अनोळखी माणसाच्या तावडीत सापडलोय असं वाटणार नाही ना? खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांसाठीच आहेत.

सगळेच निवासी वृद्ध असतील असं नाही. अपघातात मेंदूला मार बसलेले, बौद्धिक अपंगत्व असलेले, दीर्घकाळ मानसिक आजार असलेले तरुणही अशा घरांत राहतात. पद्धत तीच, भर वेगळ्या गोष्टींवर.

पायरी १ : राहायला येण्याआधी

प्रवेश पक्का करण्याआधी या व्यक्तीच्या गरजा आपल्या घराला झेपतील का, ते बघून घ्या. खोली रिकामी असते, नातेवाईक घाईत असतात, त्यामुळे हा प्रश्न टाळायचा मोह फार होतो. रात्री एकच माणूस ड्युटीवर असेल आणि येणाऱ्या व्यक्तीला अंथरुणातून उठवायला दोघं लागत असतील, तर आराखडा कितीही चांगला लिहा, तो रात्री खोटा पडणार. एकतर रात्रीचं मनुष्यबळ वाढवा, नाहीतर स्पष्ट नाही म्हणा. माझ्या मते या कामातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य "हे आम्हाला जमणार नाही" हेच असतं, आणि तेच सगळ्यात कमी बोललं जातं.

कागद काय मागायचे? निदानं, अ‍ॅलर्जी, आणि औषधांची चालू यादी. यादीत प्रत्येक औषध कशासाठी, किती आणि कधी हे हवं. नुसती नावं पुरत नाहीत. अलीकडे रुग्णालयात राहणं झालं असेल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड. शिवाय दोन गोष्टी विचारायला अवघड वाटतात, तरी विचाराच: ती व्यक्ती स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तेव्हा कायद्याने तो अधिकार कुणाचा, आणि श्वास किंवा हृदय थांबलं तर काय करावं याबद्दल तिने काही लेखी ठरवून ठेवलंय का.

संपूर्ण आराखडा किती दिवसांत व्हायला हवा, हे तुमच्या भागातल्या परवान्याच्या नियमांत बघा. पण पहिल्या रात्रीआधी एक पानाचा तात्पुरता आराखडा तयार हवाच: अ‍ॅलर्जी, औषधं आणि वेळा, गिळायला त्रास आहे का, चालताना आधार कसला लागतो, रात्री शौचाला कशी जाते, आणि घाबरली तर कशाने शांत होते. नवीन जागेतली पहिली रात्र पडण्याच्या दृष्टीने फार वाईट. दरवाजा कुठल्या बाजूला आहे हेही त्या माणसाला अंधारात आठवत नसतं.

पायरी २ : ओळख करून घेणं

फॉर्म पुढ्यात घेऊन "तुम्हाला काय आवडतं?" असं विचारलंत तर "काही नाही, सगळं चालतं" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा दिवस विचारा. जाग कितीला येते? उठल्यावर आधी काय करता? आंघोळ सकाळी की संध्याकाळी? झोपताना दिवा चालू हवा का? दुपारी एकटं बसायला आवडतं की माणसात? काय काम करत होता? ज्याने आयुष्यभर रात्रपाळी केली आहे तो रात्री एक वाजता टक्क जागा असेल, तर आधी झोपेच्या गोळीचा विचार करू नका. त्याच्यासाठी ती कामाची वेळ होती.

हाक कशी मारायची तेही विचारा. आपण सवयीने सगळ्यांना आजी-आजोबा म्हणतो. काहींना ते गोड वाटतं, काहींना अजिबात आवडत नाही. निवृत्त शिक्षिकेला "बाई" म्हटलेलं हवं असतं, कुणाला आडनावाने. जे सांगतील ते आराखड्याच्या पहिल्या ओळीत लिहा.

नातेवाइकांकडून खूप कळतं, पण त्यांचं चित्र एकतर जुनं असतं किंवा दमलेल्या माणसाने काढलेलं. "आई स्वतः काहीच करत नाही" असं मुलगी सांगते तेव्हा बऱ्याचदा त्यामागे हे असतं की वेळ वाचावा म्हणून मुलगीच सगळं करत आली. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत वेगवेगळ्या वेळी स्वतः बघा. सकाळी बटणं लावता येतात, संध्याकाळी दमल्यावर येत नाहीत, असं सर्रास असतं. मग आराखड्यातही सकाळ आणि संध्याकाळ वेगळी लिहावी लागते.

बोलता न येणाऱ्यांचीही मतं असतात. कुठल्या स्पर्शाला अंग आखडतं, कुणाचा आवाज ऐकून चेहरा खुलतो, ताटातलं काय बाजूला सारलं जातं, याची नोंद ठेवा. आणि स्मृतिभ्रंश आहे म्हणजे निर्णयक्षमता सरसकट गेली असं धरून चालू नका. पैशांचे व्यवहार न कळणाऱ्या व्यक्तीला आज कुठले कपडे घालायचे हे उत्तम ठरवता येतं.

पायरी ३ : मोजमाप

मोजायच्या तयार पट्ट्या आहेत, त्या वापरा. दैनंदिन कामांसाठी १९६३ ची कॅट्झ यादी सोपी आहे: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मल-मूत्रावर ताबा आणि खाणं, अशी सहाच कामं. १९६५ ची बार्थेल पट्टी शंभर गुणांची आणि थोडी बारीक आहे. बेडसोरच्या, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमांच्या, धोक्यासाठी ब्रेडन पट्टी ६ ते २३ गुण देते; गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली आले की काळजी घ्यायला लागायचं. ती नर्सकडून करून घ्या.

पण गुण म्हणजे आराखडा नव्हे. "बार्थेल ५५" वाचून कुणालाच कळत नाही की सकाळी मोजे कुणी घालायचे.

चार तपासण्या मात्र घरच्या घरी, नियमित आणि नीट व्हायला हव्यात. पहिली, चाल. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. शेजारी उभं राहा, पण हात धरू नका, नाहीतर मोजलेलं सगळं फुकट. दुसरी, बीपी: पाच मिनिटं आडवं झोपवून, मग उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणाऱ्यांत असे बरेच असतात, आणि बऱ्याचदा मूळ एखाद्या औषधात निघतं.

तिसरी, वजन. दर महिन्याला, त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप कमी झालं तर ते गंभीर समजतात. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो म्हणजे नुसते कपडे सैल झालेले दिसतात, आणि "म्हातारपणी होतंच" म्हणून सोडून दिलं जातं.

चौथी, त्वचा. जी व्यक्ती बराच वेळ बसून किंवा झोपून असते तिची माकडहाडाची जागा, टाचा, नितंब, घोटे आणि कोपरं रोज बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने हलकं दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर रक्तपुरवठा चालू आहे; फिका पडतच नसेल तर ती बेडसोरची पहिली पायरी आहे, भले कातडी फाटलेली नसो. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हा लालसरपणा दिसतच नाही, आणि इथेच नवखे फसतात. तिथे हाताने तपासा: बाजूच्या जागेपेक्षा गरम किंवा गार लागते का, घट्ट किंवा लिबलिबीत लागते का, हात लावल्यावर दुखतं का, रंग आसपासपेक्षा गडद किंवा जांभळट झालाय का. अशा जागेला मसाज करू नका. तिथला दाब काढा आणि नर्सला लगेच सांगा.

ज्यांना दुखणं सांगता येत नाही त्यांच्यासाठी श्वास, आवाज, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींवर गुण देणारी पेनॅड पट्टी आहे, शून्य ते दहाची. स्मृतिभ्रंशात "चिडचिड" म्हणून जे दिसतं ते कित्येकदा दुखणारा गुडघा किंवा किडलेला दात असतो.

पायरी ४ : लिहिणं

खरं कसब इथं लागतं, म्हणून इथं जास्त वेळ द्या.

"आंघोळीला मदत लागते." अशी ओळ तुम्हाला असंख्य आराखड्यांत दिसेल. त्यातून काहीच कळत नाही. आता हे बघा:

"आंघोळ मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळचं खाणं झाल्यावर. इतर दिवशी बेसिनपाशी बसून अंग पुसणं. बाथरूम आधी उबदार करून ठेवा. थंडी वाजली की उठून जातात. शॉवरच्या खुर्चीत बसवून हातातल्या शॉवरने पायांपासून सुरुवात करा. डोक्यावर एकदम पाणी घेतलं तर घाबरतात. चेहरा, छाती आणि मांड्या स्वतः धुतात; साबण लावलेला कपडा उजव्या हातात द्या आणि थांबा. पाठ आणि पावलं आपण. कपडे घालताना डावा (कमजोर) हात बाहीत आधी, काढताना तो शेवटी. पुरुष कर्मचारी नको. नाही म्हणाल्या तर वीस मिनिटांनी पुन्हा विचारा. तेव्हाही नाही म्हणाल्या तर अंग पुसण्यावर भागवा आणि नोंद करा."

लांबलचक वाटेल, पण वाचायला मिनिट लागत नाही. त्यात व्यक्तीची आवडनिवड आहे, जोखीम आहे, नकार आला तर काय करायचं ते आहे. मुख्य म्हणजे ती स्वतः काय करते ते लिहिलंय. हा भाग सगळ्यात आधी गळतो. आपण केलं की पटकन होतं, म्हणून आपण करत राहतो, आणि काही महिन्यांत त्या व्यक्तीचं ते काम कायमचं सुटतं. "साबण लावलेला कपडा द्या आणि थांबा" यातलं "थांबा" मुद्दाम लिहायचं असतं.

प्रत्येक गरजेसाठी अशीच चौकट धरा: काय, कधी, कोण, कसं, ती स्वतः काय करते, आणि नाही म्हणाली तर काय. पण सगळ्या गरजांना सारखी जागा देऊ नका. जी व्यक्ती ठणठणीत चालते तिच्या चालण्यावर एक ओळ पुरे; तिला रात्री भास होत असतील तर त्यावर अर्धं पान लिहा.

ध्येय त्या व्यक्तीच्या शब्दांत लिहा. "हालचाल सुधारणे" हे आपलं ध्येय झालं. "जेवायला सगळ्यांबरोबर टेबलावर बसायचंय, खोलीत ताट नको" हे तिचं. मग तारीख घाला: पुढच्या आढाव्यापर्यंत रोज एका जेवणाला वॉकर घेऊन टेबलापर्यंत. ध्येय सुधारण्याचंच असलं पाहिजे असं नाही. आहे ते टिकवणं, किंवा शेवटच्या महिन्यांत दुखणं कमी ठेवणं, ही ध्येयंही तितकीच खरी आहेत.

"हट्टी", "आक्रमक", "सहकार्य करत नाहीत" असे शब्द आराखड्यात नकोत. काय घडलं ते लिहा: संध्याकाळी पाचच्या सुमारास दरवाजाशी येतात, घरी जायचंय म्हणतात, अडवलं की ढकलतात, सोबत अंगणात एक फेरी मारली की परत येतात. हे वाचून पुढच्या माणसाला काय करायचं ते कळतं. "आक्रमक" वाचून तो फक्त लांब उभा राहतो.

खाण्यापिण्यात गिळायचा त्रास असेल तर "मऊ आहार" म्हणून सोडू नका. प्रत्येकाचं मऊ वेगळं असतं. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पेयं आणि पदार्थांच्या ० ते ७ पातळ्या आहेत. तज्ज्ञाने ठरवलेली पातळी आकड्यासकट लिहा. सरळ बसवून भरवायचं, नंतर निदान अर्धा तास तसंच बसवायचं. खाताना खोकला येणं, किंवा घोट घेतल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं दिसलं तर थांबा आणि कळवा. तहान वयानुसार कमी लागते, त्यामुळे "मागितलं तर पाणी द्या" ही सूचना कुचकामी. कुठल्या वेळी, कुठल्या कपात, साधारण किती ते लिहा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्यावर मर्यादा असू शकते, ती डॉक्टरांना विचारून.

औषधांत "गरज पडल्यास" लिहिलेली गोळी सगळ्यात घोटाळ्याची. गरज कुणी ठरवायची? नेमकं कुठलं लक्षण दिसल्यावर, किती, दोन डोसांत किती अंतर, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, आणि दिल्यावर किती वेळाने परिणाम बघायचा, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळी गिळता येत नाही म्हणून परस्पर कुटून देऊ नका. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. वृद्धांमध्ये जपून वापरायच्या औषधांची बिअर्स यादी १९९१ पासून आहे आणि ती सुधारली जाते. निवडायचं काम डॉक्टरांचं, पण "यातलं काही कमी करता येईल का?" हे विचारायचं काम आपलं.

पायरी ५ : जोखीम आणि मर्जी यांचा मेळ

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांबद्दल लिहिताना रॉबर्ट पर्स्क यांनी १९७२ साली मांडलं की जोखीम घेता येणं हाही माणसाच्या सन्मानाचा भाग आहे. काळजीच्या नावाखाली आपण एखाद्याला इतकं सुरक्षित करतो की त्याला जगण्यासारखं काही उरत नाही. एखाद्याला बागेत एकटं फिरायचंय आणि तो पडू शकतो. "एकट्याने जाऊ देऊ नये" ही सोपी ओळ. तिच्याऐवजी त्याच्याशी बोलून काय धोका आहे, तो त्याला कळलाय का, आणि काय केलं तर तो कमी होईल ते लिहा: कुठले बूट, कुठली वाट, खिशात बेल, अर्ध्या तासाने खिडकीतून एक नजर. त्याचा निर्णय, तारीख आणि सही. असा कागद पुढे नातेवाईक चिडले तरी उपयोगी पडतो.

पलंगाचे कठडे याच पायरीत येतात, कारण लोक ते सुरक्षिततेसाठी लावतात. गोंधळलेली व्यक्ती कठड्यावरून चढते आणि जास्त उंचीवरून पडते, किंवा कठडा आणि गादीच्या फटीत अडकते; यात मृत्यूही झालेले आहेत. अनेक ठिकाणी कठडा हे बांधून ठेवण्यातच मोजलं जातं. त्याआधी पलंग खाली करणं, खाली गादी, रात्रीचा मंद दिवा आणि ठरलेल्या वेळी शौचाला नेणं हे करून बघा. रात्री उठून पडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण शौचालयाकडेच निघालेले असतात.

पायरी ६ : आराखडा हातात पोचवणं

पूर्ण आराखडा फायलीत ठेवा, आणि रोजच्या कामाचा एकपानी सारांश ड्युटीवरच्या माणसाच्या हाताशी. भिंतीवर चिकटवू नका. पाहुण्यांनी वाचावं असं त्यात काही नसतं. पाळी बदलताना तोंडी सांगणं चालूच राहू द्या, पण "आज आराखड्यापेक्षा वेगळं काय झालं?" एवढंच विचारा. नाहीतर पंधरा मिनिटं गप्पांत जातात आणि न झालेली शौच सांगायची राहते. ती व्यक्ती स्वतः आराखड्याच्या बैठकीला असायला हवी. तिच्याबद्दल तिच्यासमोर तिसऱ्या माणसाशी बोलल्यासारखं बोलायचं नाही.

पायरी ७ : बदलणं

नियमात सांगितलेला आढावा किमान समजा. पडणं, रुग्णालयातून परत येणं, नवीन औषध, वजनातला फरक, जवळच्या माणसाचा मृत्यू, यातलं काही झालं की तारखेची वाट न बघता आराखडा उघडा. रुग्णालयातून आल्यावर तर जुनी आणि नवी औषधयादी समोरासमोर ठेवून एकेक ओळ जुळवा. बंद केलेलं औषध चालू राहणं आणि एकच औषध दोन नावांनी दिलं जाणं, दोन्ही होतं.

एक बदल मात्र आढाव्यासाठीही थांबत नाही. काल नीट बोलणारी व्यक्ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गोंधळली, लक्ष लागेना, मधूनच ठीक मधूनच बिघडली, तर तो बहुधा डेलिरियम असतो. स्मृतिभ्रंश इतक्या झपाट्याने वाढत नाही. मागे संसर्ग, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं, दुखणं किंवा नवीन औषध असू शकतं. आरडाओरडा करणारा डेलिरियम सगळ्यांना दिसतो. गप्प, झोपाळू झालेली व्यक्ती "आज शांत आहे" म्हणून सुटून जाते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि बोलताना क्रम ठेवा: आत्ता काय झालंय, आधीची पार्श्वभूमी, तुम्ही काय तपासलं (ताप, बीपी, शुगर, शेवटची शौच कधी), आणि तुम्हाला त्यांच्याकडून काय हवंय. "त्या नेहमीसारख्या नाहीत" हे वाक्यही बेधडक सांगा. रोज बघणाऱ्याचं हे निरीक्षण डॉक्टरांना दुसरीकडून मिळत नाही.

बदल केला की नव्या पानावर तारीख आणि सही, निवाशाला किंवा तिच्या प्रतिनिधीला वाचून दाखवणं, आणि सगळ्या पाळ्यांतल्या लोकांची "वाचलं" म्हणून सही घ्या. जुनं पान फाडू नका, फायलीत मागे लावा. हाताशी असलेला जुना एकपानी सारांश मात्र त्याच क्षणी काढून घ्या. दोन वेगवेगळे सारांश एकाच घरात फिरत असतील, तर रात्रीच्या माणसाच्या हातात हमखास जुनाच पडतो.